भाव धुऱ्यावरच ठरवावा

बाबू, तणसाचे गठ्ठे बांधायचं मशीन घ्यायचं तुझं पक्कं झालंय असं कानावर आलं. चांगला विचार आहे. सोयाबीनची मळणी आटोपली की आपला ट्रॅक्टर कोठ्यासमोर उभा राहतो, त्याला काम मिळेल. पण मशीन कोणत्या कंपनीचं घ्यावं याचा तू रात्रंदिवस विचार करतोस, आणि भाव काय लावणार म्हटलं की "जो चालू असेल तो लावू" म्हणून मोकळा होतोस. हे मला पटत नाही. कोरपना, वनसडी, नारंडा या पट्ट्यात भाड्यानं थ्रेशर चालवण्यात माझी उमर गेली. या धंद्यात मशीन बिघडल्यामुळे बुडालेली माणसं मी थोडी पाहिली, भाव नीट न बांधल्यामुळे बुडालेली पुष्कळ. म्हणून सांगतो, ऐकून ठेव.

आधी काम कुठं आहे ते बघ. आपल्याकडे कापूस, सोयाबीन, तूर. सोयाबीनचं कुटार थ्रेशरमधून बारीक होऊन पडतं, त्याचा गठ्ठा बसत नाही. ज्वारी कमी झाली, कडबा अजून हातानंच बांधला जातो. हार्वेस्टरनं काढलेल्या गव्हाचा गव्हांडा थोडाफार मिळेल, तेवढ्यावर मशीनचा हप्ता निघायचा नाही. खरं काम धानाच्या पट्ट्यात आहे: मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आणि वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. तिथं हार्वेस्टर फिरून गेला की तणस बांधीत ओळीनं पडून राहतं. मजूर मिळत नाही, पुढं हरभरा किंवा लाखोरी टाकायची घाई असते, मग कास्तकार काडी लावतो. जनावरांचं वर्षाचं वैरण तासाभरात जळून जातं. तू तिथं वेळेवर पोचलास तर ते वाचेल. म्हणून हा धंदा मला आवडतो, आणि म्हणूनच त्याचा भाव नीट असावा असं वाटतं.

पण कोरपन्याहून राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर करत मूल गाठायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर. ट्रॅक्टर रस्त्यावर चालवत न्यायचा तर दिवस जातो आणि वीस-पंचवीस लिटर डिझेल जातं. येताना पुन्हा तेवढंच. हा खर्च पहिल्या कास्तकाराच्या माथी मारू नकोस. तो पूर्ण हंगामावर पसरायचा असतो. एका गावात मुक्काम टाक, आजूबाजूच्या चार गावांचं काम आधी फोनवर जमव, आणि मगच निघ. पाहुण्याच्या दोन एकरांसाठी एवढ्या लांब मशीन नेणाऱ्यानं कितीही भाव लावला तरी तो त्याला पुरणार नाही आणि पाहुण्यालाही परवडणार नाही.

आता हिशेब. कागद घे. मी सांगतो ते आकडे समजुतीसाठी आहेत, तू तुझे घाल.

समज, मशीन साडेतीन लाखाचं आहे. आठ वर्षं चाललं आणि शेवटी भंगारात तीस हजार आले, तर वर्षाला चाळीस हजारांचा घसारा. तुला महाडीबीटीवरून अनुदान मिळेल. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कास्तकारांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के मिळतं, त्यालाही कमाल मर्यादा असते. समज, तुझ्या हातात दीड लाख आले. इथं माझं म्हणणं नीट समजून घे. घसारा पूर्ण साडेतीन लाखांवरच धर, कारण आठ वर्षांनी दुसरं मशीन घेशील तेव्हा अनुदान मिळेलच असं नाही. पण व्याज मात्र तुझ्या पदरच्या नाहीतर बँकेच्या दोन लाखांवरच धर. अनुदानाचे पैसे जनतेचे आहेत, त्याचं व्याज कास्तकाराकडून घ्यायचा आपल्याला हक्क नाही. दोन लाख दरवर्षी कमी होत जातात म्हणून सरासरी एक लाख धरायचे, दहा टक्क्यांनी दहा हजार. विमा आणि शेड मिळून पाच हजार. हे झाले पंचावन्न हजार. मशीन एक दिवस चाललं काय आणि चाळीस दिवस चाललं काय, हे लागणारच. त्यावर दुरुस्ती: बेअरिंग, चेन, गाठ मारायचा भाग. एवढ्या कामाला सतरा हजार धर. एकूण बहात्तर हजार.

दिवस किती चालेल? सकाळी तणसावर दव असतं. ऊन चढून ते सुकेपर्यंत दहा वाजतात. संध्याकाळी पाचनंतर थांबायचं, आणि यात तडजोड नाही. सावली, मूल, ब्रह्मपुरीकडे वाघ बांधीपर्यंत येतो, धान कापताना माणसं गेलेली आहेत. दिवे लावून रात्री काम ओढून घ्यायचं आणि त्यावर भाव स्वस्त करायचा, हा हिशेब मला नको. मधलं जेवण आणि या बांधीतून त्या बांधीत जाणं सोडलं तर खरं काम सहा तास. हलका धान आधी निघतो, मग मध्यम, मग भारी, म्हणून हंगाम लांबतो. तरी चाळीस दिवस मिळाले तर भाग्य समज. म्हणजे २४० तास. बहात्तर हजारांना २४० नं भागलं की तासाला ३०० रुपये निव्वळ मशीनचे.

त्यात ट्रॅक्टरची झीज दीडशे. ट्रॅक्टरचं आयुष्य साधारण दहा हजार तास धरतात, तो फुकट चालत नाही. घरचा आहे म्हणून तो हिशेबात न धरणारे मी फार पाहिले. डिझेल तासाला साडेचार लिटर, नव्वदच्या भावानं ४०५. ड्रायव्हरचे दिवसाला सातशे, सोबतच्या गड्याचे साडेचारशे, ते सहा तासांवर वाटले तर १९०. सुतळी गठ्ठ्याला अडीच रुपये. कंपनीचा माणूस तासाला साठ-सत्तर गठ्ठे सांगेल, तू पन्नास धर. म्हणजे सुतळीचे १२५. बेरीज कर: ११७०. पन्नासांनी भाग. गठ्ठ्यामागे तुझा खर्च साधारण साडेतेवीस रुपये. त्यावर पंधरा टक्के तुझा नफा घातला की सत्तावीस. रस्त्याचं डिझेल आणि जाण्या-येण्याची मजुरी पूर्ण हंगामाच्या बारा हजार गठ्ठ्यांवर पसरली तर अर्धा रुपया होतो, तो त्यातच बसतो.

आता एकच आकडा बदल. चाळीसऐवजी वीसच दिवस काम मिळालं तर ते पंचावन्न हजार निम्म्या तासांवर पडतात. खर्च तासाला चौदाशे होतो, गठ्ठ्याला अठ्ठावीस. म्हणजे सत्तावीसनं काम करून तू गठ्ठ्यामागे रुपया घरातून घालशील. म्हणूनच "चालू भाव" विचारून भाव लावू नये म्हणतो. ज्याचा तो भाव आहे त्याच्याकडे साठ दिवसांचं काम असेल, किंवा त्यानं घसारा धरलाच नसेल. घसारा न धरणारा दोन-तीन वर्षं सगळ्यांपेक्षा स्वस्त असतो, मग त्याचं मशीन बाभळीखाली गंजत पडतं आणि त्या गावाला चौथ्या वर्षी मशीनच मिळत नाही. कमी भावानं कास्तकाराचं भलं होतं असं नाही.

वरची हद्दही पाहावी लागते. कास्तकाराच्या बाजूनं हिशेब कर. एकरात गठ्ठे ऐंशी धर, वीस किलोचा एक, म्हणजे सोळा क्विंटल तणस. धुऱ्यावर गठ्ठा ५४ रुपयांना गेला तर ४३२० आले, त्यातले २१६० तू नेलेस, २१६० त्याचे राहिले. दिसायला छान आहे. पण टनभर तणसात पाच-सहा किलो नत्र आणि वीसेक किलो पालाश असतं. दीड टनाहून जास्त तणस वावरातून गेलं तर पन्नास किलोची पोटॅशची एक गोणी गेल्यासारखं होतं. ती त्या २१६० मधून वजा कर, मग कळेल त्याच्या हाती काय उरतं. गठ्ठे त्याच्याच कोठ्यात गेले तर शेणखत होऊन बरंचसं परत येतं. व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये गेले तर येत नाही. हे कास्तकाराला तूच सांग. थोडं तणस बांधीत राहू द्या म्हण. तुझे दहा गठ्ठे कमी होतील, होऊ दे. पुढच्या वर्षी तोच तुला बोलावेल.

व्यापारी आता वाढणार आहेत. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत पाच टक्के शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या जाळण्याचं बंधन घातलं, आणि आपल्या चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. मागणी आली की तणसाला भाव येतो. तो भाव आला म्हणून आपण बांधणीचा दर चढवायचा का? माझं मत, नाही. तुझं डिझेल वाढलं नाही, मजुरी वाढली नाही. तणस त्याचं आहे, त्याची किंमत वाढली तर ती त्याची. डिझेल वाढलं तर जरूर वाढव, आणि किती वाढलं म्हणून किती वाढवलं ते सांगून वाढव.

माप कोणतं लावायचं, यावर भांडणं सर्वांत जास्त होतात. एकरावर लावलं तर सातबाऱ्यावरचं एकर आणि उभ्या पिकाचं एकर यात फरक पडतो: धुरे, नाला, पडीक तुकडा, सगळं सातबाऱ्यात असतं. शिवाय हार्वेस्टरनं उंचावरून कापलेल्या बांधीत तणस निम्मंच निघतं, त्या कास्तकारानं पूर्ण एकराचे पैसे का द्यावे? तासावर लावलं तर ड्रायव्हर हळू चालवतो म्हणून कास्तकार मनात कुढतो. गठ्ठ्यावर लावणं मला सर्वांत सरळ वाटतं, कारण गठ्ठे दोघांनाही मोजता येतात. पण त्यातही एक खोट आहे. दाब कमी ठेवला की गठ्ठा सैल आणि हलका होतो, संख्या वाढते. म्हणून सोबत लटकता वजनकाटा ठेव. पहिले तीन गठ्ठे कास्तकारासमोर तोल, वजन वहीत लिही आणि त्या दाबावरच पूर्ण वावर कर. लहान गोल गठ्ठा पंधरा ते पंचवीस किलोंपर्यंत बसतो. तुझा किती, ते आधी ठरलेलं असावं.

अगदी लहान बांध्या असतील, वळायलाच जागा नसेल, तर गठ्ठ्याला दोन-तीन रुपये जास्त सांगायला हरकत नाही. तिथं तासाला पन्नास होतच नाहीत. त्याहून चांगला उपाय म्हणजे शेजारच्या तिघा-चौघांना एकत्र कर. एका रांगेनं काम झालं की जास्तीचे पैसे कोणालाच द्यावे लागत नाहीत.

हे सगळं मशीन बांधीत उतरण्याआधी बोलायचं. सालगड्याचा साल गुढीपाडव्याला ठरतो, वखर जुंपल्यावर ठरत नाही. मालकासोबत एकदा बांधीतून पायी फिर. दगड कुठं आहे, जुना खुंट कुठं आहे, आणि मुख्य म्हणजे डुकरांसाठी तार लावली आहे का, हे तोंडानं विचार. तार मशीनमध्ये गेली तर दोन दिवसांचं काम बसतं. तारेत कोणी चोरून करंट सोडला असेल तर जीव जातो, अशी तार काढल्याशिवाय तिथं पायही टाकू नको. शेअर बोल्ट तुटला तर तो खर्च तुझा, तो तुझ्या दुरुस्तीत धरलेला आहे. विचारूनही लपवलेल्या तारेनं मोडतोड झाली तर तो खर्च त्याचा. हेही तिथंच, धुऱ्यावर उभं राहून सांगून टाक.

ओलं तणस बांधू नको. मुठीत घेऊन पिळ. काडी कडकन तुटली तर बांध. नुसती वाकली तर एक ऊन अजून लागू दे. अठरा-वीस टक्क्यांहून जास्त ओल असली की गठ्ठा आतून तापतो, बुरशी येते, आणि तसलं वैरण खाऊन जनावर आजारी पडतं. कास्तकार म्हणेल, आलाच आहात तर उरकून टाका. तू म्हण, उद्या येतो. गठ्ठ्याचे पैसे घेऊन सडकं वैरण देणं हा रास्त व्यवहार नाही, भाव कितीही कमी असला तरी.

रोख नसेल तर कास्तकार अर्धलीनं करा म्हणतो, अर्धे गठ्ठे तुमचे, अर्धे माझे. ऐकायला न्यायाचं वाटतं. हिशेब लाव. तुझा भाव सत्तावीस, धुऱ्यावर गठ्ठ्याची किंमत चौपन्न, तेव्हा अर्धल बरोबर. पण ज्या वर्षी वैरणाची टंचाई असून गठ्ठा ऐंशीला जातो, त्या वर्षी अर्धल घेतलीस तर सत्तावीसच्या कामाचे चाळीस घेतोस. त्या वर्षी तिसरा हिस्सा घे. आणि गठ्ठा चाळीसच्या खाली आला तर अर्धलीत तू मरतोस, तेव्हा रोख माग. बांधणीचा भाव भागिले गठ्ठ्याची त्या दिवसाची किंमत, एवढंच गणित. ते कास्तकारासमोर कर, त्यालाही येतं.

उधारीचं सांगतो. धानाचा चुकारा आधारभूत केंद्रावरून उशिरा येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. "चुकारा आल्यावर देतो" यात लबाडी नसते. तरी डिझेल आणि मजुरी रोज रोख द्यावी लागते, तेवढे, म्हणजे साधारण निम्मे पैसे, मशीन वावरातून निघायच्या आत घे. उरलेले संक्रांतीपर्यंत. वहीत दोघांची सही घे आणि पानाचा फोटो त्याच्या मोबाईलवर पाठव. रोखीचा एक भाव आणि उधारीचा दुसरा, असं करू नको. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडूनच जास्त घ्यायचं, हे सावकाराचं काम झालं.

भाव सगळ्यांना एक. पाटलाला एक, बचत गटाच्या बाईला दुसरा, असं होता कामा नये. आणि ही गोष्ट उलटीकडूनही पाळ. कोणी अडचणीत असेल, घरात दुखणं असेल, तर दयेपोटी भाव कमी करू नको. भाव तोच लिही आणि नंतर त्यातले पैसे सोड. भाव कमी केलास तर दुसऱ्या दिवशी गावभर तोच भाव मागतात. सोडलेले पैसे मात्र तुझ्यात आणि त्याच्यातच राहतात.

ढग आले की भाव वाढवणारे तुला भेटतील. परतीचा पाऊस दारात, तणस उघडं, कास्तकार हातापाया पडतो, आणि हे गठ्ठ्याला पाच रुपये चढवतात. तसं कधी करू नको. नंबर ज्या क्रमानं लागले त्याच क्रमानं जा. आधी कोणाकडे जायचं हे पैशावर ठरवायचं नसतं. दलालाचंही तसंच. हार्वेस्टरवाल्यांकडे एकरामागे पैसे घेऊन काम आणून देणारे असतात, ते तुझ्याकडेही येतील. काम आणलं तर त्याची मजुरी दे, पण ती तुझ्या नफ्यातून दे. कास्तकाराच्या भावात ती लपवू नको.

आणखी एक, गठ्ठे उचलणाऱ्यांची मजुरी. बांधीतून गठ्ठे धुऱ्यावर किंवा बंडीपर्यंत आणायला बहुधा बायाच असतात. कास्तकार म्हणेल ते माझ्याकडे, तर त्यांची मजुरी त्यानं किती ठरवली ते विचार. तुझ्याकडे असेल तर पुरुषाला आणि बाईला सारखी दे आणि ती भावात उघड धर. भाव कमी दिसावा म्हणून सर्वांत आधी त्यांचीच मजुरी कापतात. तिथं कपात करून काढलेल्या भावाला मी रास्त म्हणणार नाही.

हंगाम संपला की जानेवारीत वही घेऊन माझ्याकडे ये. खरे तास किती झाले, गठ्ठे किती, दुरुस्ती किती, ते पाहू. खर्च धरला त्याहून कमी निघाला तर पुढच्या वर्षी भाव खाली आण, जास्त निघाला तर वर ने, आणि दोन्ही वेळा कारण सांग. सध्या एवढं कर: पोळ्याच्या आत हा हिशेब तुझ्या आकड्यांनी एका पानावर लिही आणि ते पान ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेव. कोणी कास्तकार म्हणाला की एवढा भाव कशाचा, तर वाद घालू नको, ते पान त्याच्या हातात दे.